नाव, गाव आणि एक वाक्य

शिंगे सरांनी रंगवलेल्या एकाही माणसाचं तोंड पूर्ण मिटलेलं नाही. आमच्या कोल्हापूरच्या कला महाविद्यालयात हा त्यांचा दोष समजला जाई. ‘रंगांवर हुकमत आहे, पण ओठ अपुरे राहतात,’ असा शेरा एका परीक्षकांनी दिला होता. सरांना तो कळला तेव्हा ते म्हणाले, “अपुरं कुठलं? बोलालंय की ते माणूस. गप बसलेलं पायजे असलं तर फोटो काढा म्हणावं.”

मी त्याच महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवत असे. म्हणजे जेवणानंतरच्या तासाला खिडक्या लावून अंधार करायचा, भिंतीवर परदेशातली देवळं दाखवायची आणि विद्यार्थ्यांना निवांत झोपू द्यायचं. शिंगे सरांचा व्यक्तिचित्रणाचा वर्ग शेजारीच होता. तिथून कायम गप्पांचा आवाज येई. बुटका, रुंद, तालमीत घडलेला देह. पायात करकर वाजणारी कोल्हापुरी पायताणं. आणि ब्रश डाव्या मांडीवर पुसण्याची सवय. त्यामुळे त्यांच्या कुठल्याही पँटीचा डावा पाय उजव्या पायाच्या ओळखीचा वाटत नसे. लहानथोर सगळ्यांना ते ‘आण्णा’ आणि ‘आक्का’ म्हणत. ते कुरुंदवाडचे. तिकडं कानडी हवा लागलेली असते.

आमच्याकडे व्यक्तिचित्रणाचं प्रात्यक्षिक कुस्तीसारखं बघतात. व्यासपीठावर एक माणूस बसवायचा आणि चित्रकारानं लोकांसमोर तासाभरात तो कॅनव्हासवर उभा करायचा. ब्रशचा कुठला फटका कसा बसला यावर मागच्या रांगेत जाणकारांची बारीक आवाजात भांडणं चालतात. बसवायला माणूस बहुधा बाजारातून आणतात. पटका हवा, मिशा हव्यात, सुरकुत्या जितक्या जास्त तितकं चांगलं. त्याला बजावलं जातं : हलायचं नाही, बोलायचं नाही. चित्र झालं की त्याला ‘वार्धक्य’ किंवा ‘प्रतीक्षा’ असं नाव मिळतं. चित्रकाराला शाल मिळते. बसलेल्याला चहा मिळतो.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, सरांनी मला दंडाला धरून जिन्याजवळच्या एका चित्रापुढं नेऊन उभं केलं. सोनेरी चौकट, पटका बांधलेला म्हातारा, नजर खाली. खाली पितळी पट्टीवर चित्रकाराचं नाव आणि चित्राचं नाव : ‘चिंतन’.

“हे आमचं वडील,” सर म्हणाले. “मल्लू शिंगे. नाव लावलेलं न्हाय, म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतंय.”

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, “चेहऱ्यावरचा विचार फार सुंदर पकडलाय.”

“इचार कसला, आण्णा? सकाळपासनं बसवलं होतं. भूक लागल्ती त्यांला.”

वडील कुरुंदवाडच्या बाजारात हमाली करायचे. नदीचा घाट रंगवायला गेलेल्या चित्रकारांच्या एका तुकडीनं त्यांना तिथून उचललं होतं. पुढे मुलगा त्याच संस्थेत शिकायला आला आणि रोज वर्गात जाताना बापाच्या चिंतनाखालून जात राहिला. तक्रार केली नाही. स्वतःच्या चित्रांच्या कोपऱ्यात मात्र तीन गोष्टी लिहायचा नेम धरला : बसलेल्या माणसाचं पूर्ण नाव, त्याचं गाव आणि बसलेला असताना तो बोललेलं एक वाक्य. नक्षी नाही, मुलामा नाही, जसंच्या तसं. एका म्हातारीच्या चित्राखाली होतं, ‘सून बरी हाय, खरं चा पातळ करत्या.’ तिकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. एका हमालाखाली होतं, ‘ह्या खुर्चीत ढेकणं हायती.’

“बिननावाचं चित्र आनि बेवारस मढं, दोन्ही सारखीच,” असं ते विद्यार्थ्यांना सांगत.

या नेमापायी त्यांची कायम नेमणूक हुकली. संस्थेच्या वर्धापनदिनी अध्यक्षांचंच प्रात्यक्षिक ठरलं. हार, तुरे, समई, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रास्ताविकाबद्दल आभार, असं सगळं यथासांग झाल्यावर अध्यक्ष खुर्चीत बसले. सरांनी त्यांना बोलतं केलं. माणूस खुलला. तासाभरानं चित्रावरचा कपडा दूर झाला तेव्हा साम्याबद्दल टाळ्या पडल्या. मग पुढच्या रांगेनं कोपरा वाचला. पूर्ण नाव, गाव आणि ‘आटपतंय का न्हाय? मला अजून दोन सत्कार हायत.’

“तोंड तरी मिटा की हो चित्रातलं,” अध्यक्ष हसत म्हणाले. हसण्यात दात बरेच होते.

“मिटलं असतं सायेब. तुमीच मिटला न्हाईसा.”

चित्र अडगळीच्या खोलीत गेलं आणि सर तासिका तत्त्वावर राहिले. तरीही संस्थेला त्यांचा अभिमान होता. तो एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये उफाळून येई. जयंतीला आणि स्मृतिदिनाला त्यांना व्यासपीठावर बसवून ‘आपल्या संस्थेचे बौद्ध समाजातील चित्रकार’ अशी ओळख करून दिली जाई. एकदा ते शेजारच्या पाहुण्यांच्या कानात म्हणाले, “बाकीचं धा म्हैने बी मी हितंच असतोय.” ध्वनिक्षेपक चालू होता.

चळवळीच्या लोकांशीही त्यांचं पूर्ण जुळत नसे. मोर्चाचे फलक तेच रंगवत, पण माणसांचे चेहरे काढत. कार्यकर्ते म्हणत, “सर, वळलेली मूठ काढा, लांबून दिसते.” सर म्हणत, “मुठीला गाव नसतंय आण्णा,” आणि पुन्हा कुणाचा तरी चेहरा काढत. फलक लांबून दिसत नसे. जवळ आलेला माणूस मात्र त्याच्यापुढं थांबे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर गारगोटीच्या पुढच्या एका खेड्यात संजय नावाचा पोरगा विहिरीत मेलेला सापडला. बौद्ध वस्तीतला, बारावी झालेला. त्यानं रस्त्याच्या फाट्यावर वस्तीच्या नावाची पाटी लावली होती आणि वरच्या गल्लीनं ती दोनदा उपटली होती. पोलीस म्हणाले पाय घसरला. मोर्चे निघाले तेव्हा वरच्या गल्लीतल्या चौघांवर गुन्हा दाखल झाला, पण पाहिलेलं कुणी नव्हतं.

कोल्हापुरातून सत्यशोधन समिती गेली, तिच्याबरोबर सर गेले. समितीनं घरोघरी प्रश्न विचारले. लोक म्हणाले, आम्ही शेतात होतो. सरांनी प्रश्न विचारले नाहीत. संजयची चुलती शालन कांबळे ओट्यावर शेंगा निवडत बसली होती, तिच्यासमोर ते कागद घेऊन बसले आणि तिचं माहेर विचारलं. माहेर कुरुंदवाडजवळचं निघालं. घाटाची, पुराची, तिकडच्या बाजाराची बोलणी झाली. तिनं त्यांना ‘आण्णा’ म्हटलं. आणि शेंगा निवडता निवडता, मान वर न करता, म्हणाली, “बगितलं की मी. खरं सांगून ऱ्हायाचं कुठं?”

पोलिसांना तिनं सांगितलं होतं, मी काही पाहिलं नाही. वरच्या गल्लीच्या रानात ती मजुरीला जायची. घर वस्तीत, पोट त्यांच्या बांधावर. नवरा आधीच वारला होता. लेकीचं सासरही त्याच गावात.

सरांनी परत येऊन त्या कागदावरून मोठं तैलचित्र केलं. माझ्या मते ते त्यांचं सर्वांत चांगलं काम. हातात शेंग, ओठ नुकतेच विलग झालेले, आणि डोळे आपल्याकडे नाहीत, दाराकडे आहेत. कोपऱ्यात नेहमीप्रमाणे नाव, गाव आणि वाक्य. हात सवयीनं चालला. कुणाचं वाक्य, कुठल्या गावातलं, कुठल्या गुन्ह्यानंतरचं, हे त्या हातानं विचारलं नाही. प्रदर्शन शहरातल्या एका सभागृहात भरलं. बघायला नेहमीचे लोक आले, नेहमीसारखे हळहळले आणि चहा पिऊन गेले. त्यातलं कुणी गारगोटीच्या पुढचं नव्हतं.

सरांचा प्रशांत नावाचा एक जुना विद्यार्थी पुण्याला संगणकाच्या कंपनीत होता. त्यानं चित्राचा फोटो काढून इंटरनेटवरच्या एका समूहात टाकला. देशोदेशीच्या, चळवळ मानणाऱ्या शिकलेल्या पोरांचा तो समूह होता. आठवड्याभरात ते चित्र कुठल्या कुठं गेलं. कुणी त्यावर कविता केल्या, कुणी ते सदऱ्यांवर छापून घेतलं, परदेशातल्या एका विद्यापीठाच्या दारात ते फलक म्हणून उभं राहिलं. वाटेत कुणीतरी वाक्याची डागडुजी केली. दुसरं अर्धं गळालं, पहिलं शुद्ध झालं, जाड अक्षरात आलं : ‘मी पाहिलं आहे!’ नाव आणि गाव मात्र कुणी गाळलं नाही. सरांचा नेमच तसा होता ना.

संस्थेला आता ओठ अपुरे वाटेनासे झाले. सत्कार ठरला. ‘चित्रकलेतून समाजपरिवर्तन’ या विषयावर तीन वक्ते बोलले. त्यातल्या दोघांनी चित्र पाहिलेलं नव्हतं, तिसऱ्यानं सदरा पाहिला होता. राहिलेली कायम नेमणूकही मिळाली. एका दैनिकात सरांची मुलाखत आली. ‘चित्राखालचं प्रत्येक वाक्य त्या माणसाचंच असतं, माझं एकही नाही,’ असं त्यांनी तिच्यात सांगितलं होतं.

त्यानंतर पंधरवड्यानं शालनबाई आमच्या महाविद्यालयात आल्या. वर्ग चालू होता, मी बाहेर व्हरांड्यात होतो. त्या दाराशी उभ्या राहिल्या, पायातली चप्पल हातात.

“आत या की आक्का,” सर म्हणाले.

“न्हाय. हितनंच बोलतो.” तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. “तुमी भलं म्हणूनच केलंसा आण्णा. खरं माझं दळण बंद झालंय. चक्कीवाला म्हणतोय पट्टा तुटलाय. माझ्याच दळणाला तुटतोय. रानात बोलवत न्हाईत. परवा वरच्या गल्लीच्या एका पोरानं गारगोटीच्या कांप्युटरातनं माझा फोटो छापून आणलंय, आनि चौकात लावलंय. त्याच्या बापानं इचारलं, काय बगितलंस गं शालन, आमाला बी सांग की.”

“तुमी काय म्हणला?”

“काय म्हणू? म्हटलं, तो चितारी खोटारडा हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “नाव पुसा माझं.”

चित्र भिंतीला टेकून उभं होतं. सरांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि कोपरा घासायला लागले. रंग वाळलेला होता. चिंधीनं निघेना, तेव्हा त्यांनी सुरी घेतली. कॅनव्हासचे धागे दिसेपर्यंत त्यांनी ते नाव, ते गाव आणि ते वाक्य खरवडून काढलं.

“गेलं?” शालनबाईंनी विचारलं.

“हितलं गेलं.”

“आनि त्या कांप्युटरातलं?”

सरांनी सुरी मांडीवर पुसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत गेलो. सर बोलले, मी ते त्या समूहावर टंकित केलं. बाईंच्या जिवाला धोका आहे, चित्र काढून टाका, निदान नाव काढा, एवढंच. उत्तरं तासाभरात यायला लागली. एकानं लिहिलं, ‘सर, आता हे चित्र तुमचं राहिलेलं नाही, ते चळवळीचं आहे.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘कायम नोकरी मिळाल्यावर भाषा बदललेली दिसते.’ तिसऱ्यानं विचारलं की हे पत्र खरोखर शिंगे सरांचंच कशावरून. लिहिणाऱ्यांची नावं वादळ, ठिणगी, निळी पहाट अशी होती. शालन कांबळेच्या नावाचा एवढा आग्रह धरणाऱ्यांत स्वतःचं नाव लावणारा एकही नव्हता. त्यांचीही कारणं असतील. कंपनीत आडनाव कळलं की जेवायला शेजारी बसणारे बदलतात, असं प्रशांतच सांगत असे. त्या बिचाऱ्यानं आपल्याकडचं चित्र लगेच काढलं. पण तोवर ते शंभर ठिकाणी होतं.

खटला उभा राहायला वर्षं गेली. त्या काळात शालनबाई कशा जगल्या ते मला नीट माहीत नाही. दळण शेजारच्या गावातून आणायच्या, एवढं सर सांगत. त्यांनी गाव सोडलं नाही. सरकारी वकिलांकडे पाहिलेलं सांगणारा साक्षीदार नव्हता, चित्र होतं, तेही खरवडण्याआधीच्या फोटोतलं. त्यांनी आधी शालनबाईंना उभं केलं. त्या म्हणाल्या, मी काही पाहिलं नाही. वकिलांनी त्यांना फितूर ठरवून घेतलं आणि मग सरांना बोलावलं. मी त्या दिवशी कोर्टात होतो. चौघे आरोपी इस्त्रीचे कपडे घालून बसले होते. शालनबाई मागच्या बाकावर होत्या, त्यांच्या शेजारी त्यांची जाऊ, म्हणजे संजयची आई. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.

“हे चित्र तुम्ही काढलं?”

“व्हय.”

“खालचं वाक्य तुम्हीच लिहिलं होतं?”

“व्हय.”

“हे वाक्य या शालन कांबळे तुमच्याजवळ बोलल्या होत्या?”

सर म्हणाले, “न्हाय. माझ्या मनाचं लिवलं.”

वकिलांनी मुलाखतीचं कात्रण पुढं केलं. “प्रत्येक वाक्य त्या त्या माणसाचंच असतं, असं तुम्हीच छापून आणलंय.”

“थाप मारल्ती. सगळीच माझ्या मनाची हायती.”

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. म्हातारीचा पातळ चहा, हमालाचे ढेकूण, अध्यक्षांचे सत्कार, सगळी आयुष्यभराची वाक्यं त्या एका ओळीत बुडाली. कारकुनाला ती टंकायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

चौघे सुटले. सर खरं बोलले असते तर ते अडकले असते का, मला सांगता येणार नाही. ऐकीव गोष्टीवर कोर्ट किती विसंबतं ते कायदा जाणणाऱ्यांना माहीत. पण संजयच्या आईला हा हिशेब सांगायला कोण जाणार होतं? कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांनी सरांना गाठलं. ओरडल्या नाहीत.

“तिला वाचवलासा आण्णा. बरं केलासा. ती बी आमचीच हाय.” मग म्हणाल्या, “आनि माझं पोरगं?”

सर हात जोडून उभे राहिले. त्या पायऱ्या उतरून गेल्या तरी हात जोडलेलेच होते.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. समूहावर त्यांच्या चित्रांवर फुल्या मारून ती फिरवली गेली. ‘विकला गेलेला कुंचला’ असा लेख आला. लिहिणारं पुन्हा कुठलंतरी वादळच होतं. संस्थेनं ‘प्रतिमेला तडा गेल्याबद्दल’ खुलासा मागितला. सरांनी तो दिला नाही, राजीनामा दिला. निरोपसमारंभ झाला नाही. आमच्या संस्थेत समारंभ टळलेला माझ्या आठवणीतला हा एकमेव प्रसंग. ज्यांच्यासाठी खोटं बोलले त्यांचं नाव घेऊन एक शब्द जरी सांगितला असता तरी निम्मे लोक परत फिरले असते. तो शब्द त्यांनी मलाही कधी सांगितला नाही. शालनबाई आल्या त्या दिवशी मी वर्गाच्या दाराशी होतो म्हणून मला माहीत. त्यानंतर त्यांनी माणूस काढल्याचं मी ऐकलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवत, असं कुणी म्हणे.

नंतर एकदा चित्रकलेच्या परीक्षेवर देखरेख करायला मी गारगोटीला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. एसटी स्टँडकडे परतताना गर्दीत मला सर दिसले. केस पिकले होते, पँट स्वच्छ होती, दोन्ही पाय सारखे. मी हाक मारणार, तेवढ्यात ते भाजीच्या रांगेत वळले.

पोत्यावर मेथीच्या पेंड्या मांडून शालनबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी त्यांच्याच गावच्या दोघी बसल्या असाव्यात, गप्पा मोकळ्या चालल्या होत्या. मागं टेम्पोला टेकून वरच्या गल्लीतला एकजण उभा होता. इस्त्रीच्या कपड्यात त्याला मी कोर्टात पाहिलं होतं.

“घ्या की पावणं, मेथी घ्या,” शालनबाई सरांना म्हणाल्या. “आताच आणलीया रानातनं.”

“कोवळी हाय न्हवं?”

“बगा की मोडून.”

सरांनी काडी मोडली, पेंडी घेतली, पैसे दिले. शालनबाईंनी ते कनवटीला लावले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक घातली. शेजारणीनं काहीतरी विचारलं. “कोण की,” त्या म्हणाल्या, “कोल्हापूरकडचं दिसतंय.” टेम्पोवाल्यानं एकदा पाहिलं आणि बिडी पेटवली.

सर माझ्यासमोरून आले. मला पाहून थांबले, पण आश्चर्य दाखवलं नाही.

“बसत्या अजून बाजारात,” ते म्हणाले. “दळण बी गावातच होतंय म्हणं आता.”

“ओळखलं का तुम्हाला?”

“पावणं म्हणाली.” एसटी लागली होती. ते पेंडी छातीशी धरून चढले आणि पायरीवरून वळून म्हणाले, “वळख लागू दिली न्हाय बगा, जरासुद्धा.”

सांगताना त्यांचा चेहरा एवढा सुटला होता, की कितीतरी वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.